रांजणातली अळी

(दृश्य : अंगणात ओळीनं मांडलेल्या टाक्या, घागरी, एक जुना रांजण.)

लातूर जिल्ह्यातलं गाव. नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, म्हणून रिकामं भांडं या अंगणात दिसत नाही. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तेव्हापासून साठवायची सवय अंगात आणखी मुरली. साठवलेलं स्वच्छ पाणी डेंगीच्या एडिस डासाला भारी आवडतं.

आशाताई टॉर्च मारून रांजणात बघतात. अळ्या वळवळतायत.

"मावशी, औषध टाकावं लागतंय."

"आगं, पेयाचं पानी हाय ते!"

औषध आहे टेमेफॉस, गावच्या भाषेत अबेट. मात्रा लिटरमागं जास्तीत जास्त एक मिलिग्रॅम. तेवढ्यानं अळी मरते, पिणाऱ्याला अपाय होत नाही. तरी मावशी घाबरते, आणि तिला अडाणी म्हणायचं कारण नाही. आपण काय पितो हे विचारायचा हक्क तिचाच आहे.

(दृश्य : माळवदाचं घर, मातीची भिंत.)

असाच प्रश्न या भिंतींनीही पाहिलाय. १९५३ मध्ये देशात हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. घराघरांत आतल्या भिंतींवर डीडीटी मारायचं. तो कीटकांवर चालतो हे पॉल म्यूलरनं १९३९ मध्ये दाखवलं, १९४८ मध्ये त्याला नोबेल मिळालं. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप व्हायचा, आठ लाख मरायचे. साठच्या दशकाच्या मध्यावर रुग्ण लाखभर उरले. एवढे जीव वाचवणाऱ्या पावडरीला नुसती शिवी देणं मला जमत नाही.

पण डीडीटी भिंतीपुरता राहिला नाही, शेतात गेला. तिथून पाण्यात, माशांच्या चरबीत, मासे खाणाऱ्या पक्ष्यांत. त्यांच्या अंड्यांची कवचं पातळ झाली, उबवतानाच फुटू लागली. डासही निर्ढावले. कामात ढिलाई आली ती वेगळीच. १९७६ मध्ये रुग्ण पुन्हा चौसष्ट लाखांवर गेले.

१९८९ मध्ये शेतीतला वापर बंद झाला. घातक, टिकाऊ रसायनांवरच्या २००१ च्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारानं रोगनियंत्रणापुरती मुभा ठेवली. माझ्या मते भांडण औषधाशी नव्हतंच, ते कुठं आणि किती ओतलं याच्याशी होतं. आज कपाशीवर मारतात ते सायपरमेथ्रिन आणि मच्छरदाणीला लावतात ते डेल्टामेथ्रिन, दोन्ही एकाच कुळातली. शेतात सरावलेला डास मच्छरदाणीला कशाला भिईल?

(दृश्य : गल्लीत धुरळणी, मागं पळणारी पोरं.)

ही मात्र बघण्यासारखी. डिझेलात कालवलेलं औषध, पांढरा लोट, पुढाऱ्याचा फोटो. धूर आला की बाया दारं लावून घेतात आणि एडिस डास तर घरातच, लटकवलेल्या कपड्यांमागं बसलेला. उडता डास सापडला तर मरतो, रांजणातली अळी शाबूत. साथ भडकली असेल तर ठीक, एरवी हा देखावाच.

(दृश्य : पुन्हा अंगण.)

आशाताई औषध पिशवीत ठेवतात. दोघी मिळून पाणी फडक्यातून गाळून दुसऱ्या घागरीत घेतात, तोंडाला फडकं बांधतात. तळाचं गढूळ पाणी, अळ्यांसकट, कडुनिंबाच्या बुंध्याशी. एडिसची अंडी भांड्याला चिकटून महिनोन्‌महिने कोरडी तग धरतात. म्हणून मावशी काथ्या घेते आणि रांजण आतून खरवडून घासू लागते.

"पुढल्या आठवड्याला येतीस ना गं?"

"येते. बाहेरच्या हौदात तेवढं गप्पी मासे सोडू."