रियाजाचा पगार कोण देतं?

नमस्कार मंडळी. मागे ऐकू येतंय ना? आधी एक दुरुस्ती, पत्रिकेत माझ्या नावापुढे 'ज्येष्ठ गायक' छापलंय, त्यातलं ज्येष्ठ तेवढं खरं आहे. मी पेटीवाला, हार्मोनियम वाजवणारा. दिवसा बँकेत नोकरी केली आणि संध्याकाळी गाणाऱ्यांच्या डाव्या हाताला बसून साथ केली, त्यामुळे महाराष्ट्रातल्या बऱ्याच गायकांना मी डाव्या कानावरून ओळखतो.

विषय दिलाय 'कलावंताची निष्ठा आणि बाजार'. सरांनी फोनवर सांगितलं की आजच्या काळावर बोला, रील्स, रिअॅलिटी शो, यूट्यूब, तरुण पोरं यायला हवीत. तरुण पोरं मला मोजून चार दिसतायत आणि त्यातले दोघं साउंडवाले आहेत, पण असो, बोलणार आहे, आजच्या काळावर शेवटी येतोच. त्याआधी एक किडा डोक्यात बरीच वर्षं वळवळतोय तो बाहेर काढतो. तो असा, की आपण ह्या विषयावर बोलायला लागलो की लगेच दोन खोके करतो. एकात निष्ठावंत, फाटक्या सदऱ्यातले, तंबोरा लावून बसलेले, आणि दुसऱ्यात विकले गेलेले, गाडीतून उतरणारे. मी म्हणतो हे सोडा आणि एकच प्रश्न विचारा, ह्या माणसाच्या रियाजाचे पैसे कोण देतंय? कारण मैफलीचे पैसे सगळेच देतात, कमी-जास्त देतात, रडत देतात, पण देतात. त्या दोन तासांच्या मागे जी रोजची सकाळ असते त्याचं बिल कुणाच्या नावावर फाटतं? तेवढं कळलं की कोण किती निष्ठावंत आणि का, हे आपोआप कळतं.

आता बालगंधर्व, म्हणजे नारायणराव राजहंस, स्त्रीभूमिका करणारे गायक नट. तुम्हाला वाटेल ह्यांचं आलंच, प्रत्येक व्याख्यानात येतं, पण थांबा, मी वेगळ्या अंगाने येतोय. गंधर्व नाटक मंडळी १९१३ ची. ही शुद्ध धंदेवाईक कंपनी होती हो. तिकीट लावून खेळ, गावोगावी मुक्काम, बिऱ्हाड, भटारखाना, सगळं. आणि ह्या धंदेवाईक कंपनीने 'स्वयंवर' नाटकाच्या चाली कुणाकडून घेतल्या, तर भास्करबुवा बखल्यांकडून! १९१६ साल. 'नाथ हा माझा' यमन, 'मम आत्मा गमला' बिहाग. म्हणजे ज्या माणसाने अल्लादियाखाँसाहेबांसारख्यांकडून तालीम घेतली तो माणूस चार आण्याच्या पिटातल्या प्रेक्षकासाठी यमन बांधतोय आणि त्या प्रेक्षकाला तो यमन आहे हे माहीतही नाही, तो फक्त वन्स मोअर म्हणून ओरडतोय. ह्याला तडजोड म्हणायचं का? आणि तबल्यावर कोण बसलाय, अहमदजान थिरकवा. सारंगीवर कादरबक्ष. थिरकवाखाँसाहेब गंधर्व कंपनीत कित्येक वर्षं होते, नाटकात, तिकीट लावलेल्या नाटकात! आज एखाद्या मोठ्या तबलजीला म्हणून बघा की मराठी नाटकाच्या खड्ड्यात बसून रोज साथ करा, महिन्याला पगार देतो. उत्तर काय येईल ते मी इथे स्टेजवरून सांगू शकत नाही, पुढच्या रांगेत बायकामाणसं आहेत.

तर बाजार होता, पण त्या बाजारातून पगार निघत होता, आणि पगार होता म्हणून थिरकवांची बोटं तयार राहत होती. माझा मुद्दा एवढाच आहे.

अर्थात हिशेब जमला नाहीच. हौस भारी, नाटकात खरे भरजरी शालू, अत्तरं, आणि नारायणरावांना पैशाचं काही कळायचंच नाही असं त्यांच्यावर प्रेम करणारेही सांगतात. कर्ज डोंगराएवढं झालं. सावकाराच्या ताब्यात कंपनी गेली आणि त्यांनी वर्षानुवर्षं त्याच नाटकांचे खेळ करून कर्ज फेडलं. आता बघा, कर्ज फेडायला माणूस काय करतो, खर्च कमी करतो, स्वस्तातला साथीदार बघतो, दोन अंकांत उरकतो. ह्यांनी तसं काही केलं नाही, पुन्हा भरजरी शालू आले आणि पुन्हा कर्ज आलं. आमच्या बँकेत असा खातेदार आला असता तर आम्ही... जाऊ दे.

मग सिनेमा आला. बोलपटाने नाटक कंपन्यांचा श्वास कोंडला आणि बालगंधर्व प्रभात फिल्म कंपनीत गेले, शांतारामबापूंनी 'धर्मात्मा' केला, १९३५, त्यात ते संत एकनाथ झाले, म्हणजे पुरुष भूमिका, आणि प्रभातचा एवढा एकच करून परत नाटकाकडे आले. लोक म्हणतात त्यांना सिनेमा जमला नाही. मी म्हणतो समोर माणूस नाही तिथे त्यांना गाता येईना. वन्स मोअर सिनेमातही असतो, त्याला रिटेक म्हणतात, पण तो प्रेक्षक मागत नाही, डायरेक्टर मागतो! (हशा) बघा, हसलात, मला वाटलं झोपलात.

आता ही गोष्ट राहू दे आणि एक माझं दुखणं सांगतो, सांगायलाच हवं, कारण इथे बसलेल्यांपैकी निम्मे जण कुठल्या ना कुठल्या कार्यक्रमाच्या कमिटीत आहेत. दिवाळी पहाट. एका मोठ्या सोसायटीचा फोन, नाव घेत नाही. "काका, तुम्ही आणि तबलावाले असे दोघं हवेत, गायिका आमच्याकडे आहे." म्हणलं मानधनाचं कसं? तर म्हणे, "काका, बजेट टाइट आहे ह्या वेळी, पण हजार माणूस असतं, सगळं लाइव्ह जातं, तुम्हाला एक्सपोजर मिळेल." अहो, माझं वय बघा, मला एक्सपोजर डॉक्टर करू नको म्हणतात, पहाटेच्या थंडीचं. तरी गेलो, गायिका ओळखीतली, गुणी मुलगी, तिच्यासाठी गेलो. तिथे काय बघतो, एलईडीची भिंत, झेंडूच्या माळा पार गेटपर्यंत, सीरियलमधली एक अभिनेत्री निवेदनाला, ड्रोन! डोक्यावर ड्रोन भुणभुणतोय आणि खाली ती बिचारी ललत राग गातेय, त्यातले दोन्ही मध्यम सूर सांभाळत, वर तिसरा मध्यम तो ड्रोन देतोय. चहा झाला, फराळ झाला, शाल झाली, श्रीफळ झालं. ड्रोनवाल्याला मी विचारलं, तुझं झालं का रे पेमेंट? तर म्हणे काका, मी अॅडव्हान्स घेतल्याशिवाय बॅग उघडत नाही. मला त्या पोराचा राग नाही आला, मला तो त्या अख्ख्या मैदानातला सगळ्यात निष्ठावंत कलावंत वाटला. घरी श्रीफळं इतकी झालीयेत की आमच्या हिने सांगितलंय, पुढच्या वेळी शाल घ्या पण नारळ तिथेच वाढवून या.

हसायचं सोडा, मुद्दा बघा. बजेट नव्हतं असं नाही, बजेट होतं आणि ते दिसणाऱ्या गोष्टींवर गेलं. साथीदार दिसत नाही आणि रियाज तर अजिबात दिसत नाही, तो ड्रोनमधूनही दिसत नाही.

ह्या उलट गायिका केसरबाई. केरकर. गोव्याच्या केरीच्या. १९२१ च्या सुमारास अल्लादियाखाँसाहेबांकडे गंडा बांधला, म्हणजे रीतसर शिष्या झाल्या, आणि खाँसाहेबांनी म्हणे अटी घातल्या, गंड्याच्या वेळी मोठी रक्कम, दरमहा पगार, दहा वर्षं तालीम, मध्ये सोडायचं नाही. आपल्याला हे ऐकून कसंसं होतं ना, गुरू आणि पैशाच्या अटी! पण खाँसाहेबांची बाजू बघा. कोल्हापूर दरबारचे ते गवई, शाहू महाराजांचा आश्रय, १९२२ ला महाराज गेले आणि खाँसाहेब मुंबईला आले. दरबार गेला तर दरबाराचं काम कुणी करायचं? मुंबईच्या शेठ लोकांनी केलं. केसरबाईंच्या तालमीचा खर्च अशाच आश्रयातून निघाला, आणि त्यातून जे गाणं तयार झालं त्याच्याशी पुढे बाईंनी तडजोड म्हणून केली नाही. रेडिओशी त्यांचं जमलं नाही. मैफलीची बिदागी त्या जबरदस्त घ्यायच्या आणि कमी करायच्या नाहीत. म्हणजे बघा, निष्ठावंत आणि महाग, दोन्ही एकत्र. हे आपल्या दोन खोक्यांत कुठे बसतं सांगा. किशोरीताई आमोणकरांचंही तेच, गाडी अशी हवी, खोली तशी हवी, श्रोत्याने चुळबुळ केली तर गाणं थांबेल, लोक नखरे म्हणायचे. ताईंनी स्वतः मुलाखतींतून सांगितलंय की माईंना, म्हणजे त्यांच्या आई गायिका मोगूबाईंना, आयोजकांनी कसं वागवलं ते लहानपणी त्यांनी बरोबर फिरून पाहिलं होतं. त्याचं ते व्याज होतं, आयोजकांच्या पुढच्या पिढीने भरलं.

आणि केसरबाईंचं सगळ्यात जास्त ऐकलं गेलेलं गाणं कुठलं? तीन-साडेतीन मिनिटांची भैरवी, 'जात कहाँ हो', मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीवरची. १९७७ ला नासाने ती व्हॉयेजर यानातून पाठवली, आता सूर्यमालेच्या बाहेर आहे. ज्या बाई पाऊण तास एक राग मांडायच्या त्यांची परग्रहावरची ओळख म्हणजे बाजाराने कापून दिलेली साडेतीन मिनिटं. पण त्या साडेतीन मिनिटांत श्वास बघा, आवाजाचा लगाव बघा, तो तीन मिनिटांत तयार झालेला नाहीये, त्याच्यामागे ती दहा वर्षांची अट उभी आहे.

रेडिओचा विषय निघालाच तर पेटीवाला म्हणून नोंदवून ठेवतो, १९४० साली रेडिओने आमच्या वाद्यावर बंदी घातली आणि ती तीसेक वर्षं चालली. का, तर श्रुती, म्हणजे दोन सुरांमधल्या बारीक जागा, नीट येत नाहीत. बरोबर आहे, येत नाहीत. पण त्याच रेडिओने स्टाफ आर्टिस्ट नेमले, तबलजी, सारंगिये, व्हायोलिनवाले, त्यांना महिन्याला पैसे दिले, म्हणून मला रेडिओवर धड रागावताही येत नाही.

...हो, चिठ्ठी मिळाली. दहा मिनिटं. दहा म्हणजे सातच धरतो, आभारप्रदर्शन आहे.

वसंतराव देशपांड्यांवर मला पंधरा मिनिटं बोलायचं होतं, एका दमात सांगतो. मिलिटरी अकाउंट्समध्ये कारकुनी केली, बदली झाली तर पार आसामकडे, आणि साठच्या दशकात ती नोकरी सोडली आणि १९६७ च्या डिसेंबरात 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक आलं. तोपर्यंत चाळिशी उलटून गेलेली. म्हणजे त्यांच्या गाण्याचा पगार भारत सरकारच्या संरक्षण खात्याने दिला पण वेळ मात्र काढून घेतला, हा एक प्रकार. दुसरा प्रकार बडे गुलाम अलींचा, सिनेमात गायचं नव्हतं, टाळायला म्हणून एका गाण्याचे पंचवीस हजार मागितले आणि दिग्दर्शक के. आसिफ हो म्हणाले, असं सांगतात, 'मुघल-ए-आझम'ची गोष्ट. त्या काळी लताबाई-रफीसाहेबांना काही शेच मिळायचे म्हणे. किंमत एवढी सांगायची की समोरचा पळेल, आणि नाही पळाला तर आपलंच गाणं आपल्याच पद्धतीने गायचं, मला हा मार्ग फार आवडतो, फक्त त्यासाठी आधी बडे गुलाम अली व्हावं लागतं.

तिसरा, कोलकात्याची संगीत रिसर्च अकादमी, आयटीसीची. गुरूंना राहायला घर, शिष्यांना स्टायपेंड, आपले उल्हास कशाळकर तिथे गुरू होते. पैसा कुठला, तर सिगरेटचा. धूम्रपान आरोग्याला हानिकारक आणि ख्यालाला पोषक. (हशा) नको नको, टाळ्या नको, वेळ जातो.

आता आजचा काळ, सर, आलो आजच्या काळावर. स्ट्रीमिंग. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं की एकदा ऐकलं असं धरतात. दोन मिनिटांचं गाणं असो की चाळीस मिनिटांचा बडा ख्याल, मोजणी एकच. म्हणजे विलंबित गाणाऱ्याची आलापी नीट मांडून होण्याआधीच त्याची कमाई संपलेली असते, पुढची साडेएकोणचाळीस मिनिटं तो धर्मादाय गातो. आणि २०२४ पासून वर्षभरात हजार वेळा वाजलं नाही तर त्या रेकॉर्डिंगला काहीच नाही. सारंगीच्या सोलोला हजार कुठून आणायचे? ७८ ची तबकडी तीन मिनिटांची होती ती काय तबकडीची अडचण होती, मेणात जागाच तेवढी. इथे जागेची अडचण नाही, चाळीस मिनिटं ठेवा हवी तर, फक्त पैसे पहिल्या अर्ध्या मिनिटाचे. गाणं लहान करायला कुणी सांगत नाहीये, मोठं गायलात तर तुमचं तुम्ही बघा असं आहे. मग पोरं मुखडा आधी आणि आलाप नंतर करायला लागली तर त्यांना विकले गेले म्हणायचं का? मी नाही म्हणणार.

रिअॅलिटी शो, एक वाक्य. तिथे पोरं गातात चांगली, पण शो संपल्यावर पुढची दोन-चार वर्षं शिकायचे पैसे कुणी देत नाही, इव्हेंटचे देतात, आणि इव्हेंट रोज असतो, म्हणजे रियाज कधीच नसतो.

२०१२ ला कॉपीराइट कायदा बदलला, गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क सोडूनच देता येणार नाही अशी तरतूद आली, ही खूप मोठी गोष्ट होती आणि मी ती आता दोन वाक्यांत उरकतोय, त्याबद्दल मलाच वाईट वाटतंय. मात्र मागे पेटी वाजवणाऱ्याच्या घरी त्यातून काय येतं, हे ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांना विचारा.

हो हो, बघितलं, उठतोच आहे. कमिटीवाल्यांना एवढंच सांगतो, पुढच्या दिवाळी पहाटचं बजेट लिहायला बसाल तेव्हा पहिली ओळ साथीदारांची लिहा, ड्रोन शेवटी, उरले तर. आणि गावात शिकणारी दोन मुलं असतील तर त्यांच्या गुरूची फी वर्षभर भरा, बॅनरवर नाव लावू नका, किंवा लावा, मला चालेल, पण भरा. लाइट बिलासारखी दर महिन्याला. शिष्यवृत्त्यांचं आणि विद्यापीठांतल्या संगीत विभागांचं राहिलंच, त्यावर माझी बरीच भांडणं आहेत, ती आता खाली चहाच्या वेळी करू.