पट्टा हाती येण्याआधी

कोल्हापूर. संध्याकाळ झाली की तालमीबाहेरच्या मोकळ्या जागेत लाठ्या फिरू लागतात. मर्दानी खेळ शिकायला आलेल्या पोरापोरींचा डोळा असतो दांडपट्ट्यावर. 2024 पासून तो महाराष्ट्राचं राज्यशस्त्रही आहे. पण वस्ताद आधी साधी काठीही हातात देत नाहीत.

आधी पवित्रा. एक पाय पुढे, एक मागे, गुडघे किंचित वाकलेले, भार दोन्ही पायांवर सारखा. पुढचा पाय मागे घ्यायचा, मागचा पुढे टाकायचा. मग जागच्या जागी वळून तोंड उलट दिशेला. पुन्हा तेच. खरं सांगायचं तर बघणाऱ्याच्या दृष्टीनं हा भाग रुक्षच!

पायांचा एवढा हट्ट कशाला, हे पट्टा जवळून पाहिला की कळतं. पातं सरळ, दुधारी, साधारण चार फूट लांब. मुठीच्या जागी कोपरापर्यंत हात झाकणारा लोखंडी खोबळा, आणि त्याच्या आत पकडायला आडवी मूठ. हात आत गेला की मनगट बंद. तलवार चालवणारा मनगटाच्या झटक्यानं वार वळवतो. पट्टेकऱ्याला ती सोयच नाही. त्याचा वार निघतो खांद्यातून, कमरेतून, म्हणजे शेवटी पायांतूनच. त्यात पातं लवचीक. हात थांबला तरी ते लवत पुढे जातं, आणि पाय चुकीच्या जागी असेल तर पहिला मार आपल्याच नडगीला.

पाय बसले की लाठी. बांबूची, साधारण डोक्याएवढी उंच. ती डाव्या-उजव्या अंगानं, डोक्यावरून, पाठीमागून फिरवताना मनगट सुटतं आणि दम वाढतो.

त्यानंतर फरी-गदगा. फरी म्हणजे छोटी ढाल, गदगा म्हणजे कातडं मढवलेली काठी. मिरवणुकीत टाळ्या पडतात त्या पेटत्या लाठीला आणि कापलेल्या लिंबाला, पण आमच्या मते खरा कस इथंच लागतो. लाठी एकट्यानं फिरवता येते. इथं समोरचा वार करतो, हूल देतो, आणि अंतराचा अंदाज हुकला की खांद्यावर आवाज निघतो.

मग पट्टा. पहिल्यांदा खोबळ्यात हात घातला की लाठीनं सैल झालेलं मनगट वळायला बघतं. वळत नाही. वस्ताद मनगट विसरायला सांगतात, आणि पुन्हा पवित्र्यापासून सुरुवात करायला लावतात.