शेवटचा स्क्रू

कुर्ल्याचा सीएसटी रोड. गॅरेजं, टायरवाले, सुट्या भागांची दुकानं. एका गल्लीत कॅरॅव्हॅन, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी, उभी आहे. आज तिच्यातला जुना फ्रिज काढायचा आहे. फ्रिज भंगारातच जाणार. जपायचंय ते त्याच्याभोवतीचं कपाट. ते सुतारकाकांनी स्वतःच्या हातांनी केलेलं आहे.

हा फ्रिज घरातल्यासारखा नाही. याला कॉम्प्रेसर नसतो. नळ्यांत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन, खाली गॅसची ज्योत किंवा विजेची कॉइल. उष्णता देऊन थंडावा मिळवायची ही रचना १९२२ साली स्वीडनमध्ये फोन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी शोधली. मागच्या नळ्यांवर पिवळी पूड दिसली किंवा नाकाला अमोनिया झोंबला, तर दारं उघडून सगळ्यांनी बाहेर यायचं.

इथे तसं काही नाही. तरी पहिला हात गॅस फिटरचा. सिलिंडर बंद, १२ व्होल्टची बॅटरी आणि बाहेरून येणारी २३० व्होल्टची वीज तोडलेली. गाडीच्या बाहेरची जाळी काढून तो नट सोडवतो, दोन पान्यांनी. एकाने धरायचं, दुसऱ्याने फिरवायचं, नाहीतर तांब्याची नळी पिळली जाते. उघड्या टोकाला टोपी, सिलिंडर क्षणभर चालू, वर साबणाचं पाणी. बुडबुडा नाही.

आता काका पुढे होतात. कपाटाच्या कडांना कागदी टेप लावतात. फ्रिजच्या चौकटीभोवतीचं सिलिकॉन कटरने कापतात, पातं फ्रिजच्या अंगाला टेकवून. पातं घसरलंच तर ओरखडा फ्रिजवर उठावा, सनमाइकावर नाही.

स्क्रू फ्रिजच्या आत, बाजूच्या भिंतींवर, प्लॅस्टिकच्या टोप्यांखाली असतात. मुंबईच्या दमट हवेनं ते गंजलेत. काका ड्रिलला हातही लावत नाहीत. थेंबभर तेल, थोडा वेळ, मग हातातला स्क्रूड्रायव्हर. गंजलेला स्क्रू झटक्यानं फिरवला, तर तो प्लायचे थरच उपटून आणतो.

चार निघाले. फ्रिज मात्र हलत नाही.

कपाटं फुटतात ती नेमकी इथे. कुणीतरी पटाशी घालतो, उचकटतो आणि बीडिंगचा, म्हणजे कडेच्या लाकडी पट्टीचा, तुकडा हातात येतो.

“काका, ओढू का?” पोरगा विचारतो.

“थांब रे. अडकलंय म्हणजे कुठेतरी धरलंय.”

काका टॉर्च घेऊन जमिनीवर आडवे होतात. तळाशी एक पट्टी आहे. ती हलकेच सुटते. मागे पाचवा स्क्रू.

तो निघाल्यावर फ्रिज आपणहून बोटभर पुढे येतो. दरवाजा आधीच उतरवलेला, खाली जुनी चादर घातलेली. दोघं मिळून तो उभाच सरकवतात. काका टेप सोलतात आणि बीडिंगवरून अंगठा फिरवत जातात, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुठेच अडत नाही.