मुक्कामी गाडी किती वाजता?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'आडरानात गाडी बंद पडली तर'. पाऊण तास दिलाय, त्यातली दहा मिनिटं सत्कारात गेली. तक्रार नाही. शाल गाडीतच ठेवणार आहे. घाटात पहाटे तीन वाजता शालीची किंमत कळते. (हशा)

माझं म्हणणं थोडकं आहे. घाटात किंवा जंगलात शिरण्याआधी आपण गाडीची चौकशी करतो, रस्त्याची करत नाही. चहाच्या शेवटच्या टपरीवर एकच प्रश्न विचारा: या रस्त्यानं मुक्कामी गाडी किती वाजता जाते? तरुण मंडळींसाठी सांगतो. संध्याकाळी तालुक्याहून सुटणारी, आतल्या गावात रात्र काढून पहाटे परत फिरणारी एसटी, ती मुक्कामी गाडी. १ जून १९४८ ला नगर-पुणे पहिली एसटी सुटली, तेव्हापासून या राज्यात ब्रेकडाऊनचा सगळ्यात जुना विमा हाच. ती यायच्या आधी बंद पडलात तर अडचण, ती गेल्यावर पडलात तर मुक्काम.

आमच्या मेहुण्यांचं उदाहरण देतो. नाव सांगत नाही, ते तिसऱ्या रांगेत असू शकतात. पावसाळा सरता सरता ते वरंधा घाटानं महाडला निघाले होते. भोर सोडलं, नीरा देवघर धरणाचं पाणी बघत, फोटो काढत वेळ घालवला, आणि वाघजाईच्या देवळाच्या बऱ्याच अलीकडे, ऊन कलताना, कडेच्या धारदार दगडानं टायर बाजूनं चिरला. तळव्याला खिळा लागला असता तर गोष्ट वेगळी. बाजू चिरली की पंक्चर किट, तो पांढरा चीक, ती वात, सगळं व्यर्थ.

मोबाईलला रेंज नाही. हरकत नाही, स्टेपनी आहे! ही गाडीच्या पोटाखाली टांगलेली. बोल्ट गंजलेला, पाना आखूड. चिखलात पाठ टेकवून तासाभरानं ती खाली आली. टायर कोरा करकरीत, त्यावरचे रबराचे बारीक केससुद्धा शाबूत. मेहुण्यांनी अभिमानानं चाक चढवलं, नट आवळले, जॅक उतरवला. आणि चाक शांतपणे बसलं. हवाच नव्हती. पाच वर्षांत कुणी बघितलीच नव्हती.

तेवढ्यात मुक्कामी गाडी आली. हात दाखवावा लागला नाही. जॅक दिसला की एसटीचा ड्रायव्हर आपणहून थांबतो. तो खाली उतरला, चाकाला एक लाथ मारली आणि म्हणाला, "काढा, टाका मागं." कंडक्टर म्हणाला, "साहेब, चाकाचं लगेज पडंल." पडलं! मेहुण्यांनी दोन तिकिटं आणि चाकाचं लगेज काढलं, आणि खताच्या पिशव्यांशेजारी चाक ठेवून पतिपत्नी मुक्कामाला गेले.

गावात एका पोरानं सायकलचा पंप आणला. मेहुणे घाम गाळत मारताहेत, काटा हलत नाही. पोरानं बोटाला थुंकी लावली, व्हॉल्व्हवर टेकवली. टम्म बुडबुडा. "काका, वॉलमधनं जातीय." टायर कधी जमिनीला लागला नव्हता, पण व्हॉल्व्हचं रबर उन्हापावसानं तडकलं होतं. रात्री पिठलं-भाकरी, सकाळी त्याच गाडीनं चाक भोरला, व्हॉल्व्ह बदलून दुपारच्या एसटीनं परत. चाकाचं लगेज पुन्हा पडलं. मेहुण्यांना आजही त्या रात्रीपेक्षा ते दुसरं लगेजच जास्त लागलंय.

म्हणून सांगतो, चार चाकांत हवा भराल तेव्हा पाचव्यातही भरा, दोन-तीन पॉइंट जास्तच. पंपावरच्या पोराला डिकी उघडायचा कंटाळा असतो, तुम्ही उघडा. सामान लादायच्या आधी उघडा; सीएनजीवाल्यांनी तर नक्कीच, कारण सिलिंडर, बॅगा आणि मग कुठंतरी तळाशी स्टेपनी असते. टायर बदलताना व्हॉल्व्हही बदलून घ्या.

आता माझं जुनं दुखणं. २०२० साली नियम बदलला. ट्यूबलेस टायर, हवा कमी झाल्याचं सांगणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट दिलं की कारला स्टेपनी नसली तरी चालते. हायवेवर ठीक आहे हो. पण हवा कमी झाल्याचं डॅशबोर्डवर वाचून वरंध्यात करायचं काय? यंत्रणेनं बातमी दिली, चाक कोण देणार? गाडी घेताना शोरूममध्ये छताची काच अर्धा तास दाखवतात. तुम्ही पायाखालची चटई उचलून विचारा, पाचवं चाक कुठंय. बारकं चाक देत असतील तर त्यावरचा वेगाचा आकडा वाचा, बहुतेक ८० असतो.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, आता जे सांगायला बोलावलं होतं ते पटापट सांगतो.

वळणावर थांबू नका. टायर गेला तरी पहिल्या गिअरमध्ये सरळ पट्ट्यापर्यंत रेटा. टायर गेलाच आहे, माणसं वाचवा. इशाऱ्याचा लाल त्रिकोण मागं, वळणाच्या अलीकडं, लांब. दगड आणि फांदी ठेवत असाल तर जाताना उचला. ट्रकवाले चाकाखालचे धोंडे तसेच सोडून जातात आणि रात्री त्यावर दुचाकी पडते. पावसात दरडीखाली उभे राहू नका.

जॅक लावण्याआधी नट अर्धा वळसा सैल करा, तिरप्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड लावा, चिखल असेल तर जॅकखाली फळी. पान्यावर चढवायला हातभर लोखंडी पाइप ठेवा, गंजलेल्या नटापुढं तोच चालतो.

गाडी हीट झाली तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, बाजूला घ्या. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, आतलं पाणी दाबाखाली शंभराच्या वर असतं, तोंडावर येतं.

फोन लागत नसेल तर एसएमएस टाका, क्षीण रेंजला तो निघून जातो. आपल्या कंपनीची रेंज नसून दुसऱ्याची असली तरी आणीबाणीचा ११२ लागू शकतो. कुठे आहात ते किलोमीटरच्या दगडावरून सांगा. डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, तिथं १०३३ ही हेल्पलाइन. हिरवं असेल तर राज्य मार्ग, तिथं तिच्यावर विसंबू नका. अंधारात गाडी सोडून चालत सुटू नका. पाणी माणशी दोन लिटर, टॉर्च वेगळा, कारण मोबाईलचा टॉर्च लावला की सकाळी मोबाईलच नसतो.

मागून विचारताहेत टोचन करावं का, म्हणजे दुसऱ्या गाडीला बांधून ओढून न्यावं का. सपाटीवर, सावकाश, चालेल. किल्ली ऑन ठेवा, नाहीतर स्टिअरिंग लॉक होतं. इंजिन बंद असताना दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा होतो, हे मागच्या गाडीतल्याला आधी सांगा. ऑटोमॅटिक आणि इलेक्ट्रिक गाडी, इंजिन किंवा मोटर फिरवते ती चाकं जमिनीवर ठेवून ओढायची नाही, ती अख्खी ट्रकवर चढवायची. आणि घाटाच्या उतारावर दोरीचं टोचन कुणी कितीही जवळचा म्हणाला तरी नाही, मेहुणे असले तरी नाही.