मळीची टाकी, साखरेची धूळ

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळा सरत आला की निपाणी, संकेश्वर, चिक्कोडी, अथणीपासून खानापूरपर्यंत साखर कारखान्यांत एकच धांदल उडते. रोलर बसतात, बॉयलरच्या ट्यूबा तपासल्या जातात, अग्निप्रदीपनाच्या पत्रिका निघतात. मळीच्या, म्हणजे साखर काढल्यावर उरणाऱ्या दाट काळ्या पाकाच्या, टाकीकडे मात्र फारसं कुणी फिरकत नाही. मान मिलचा आणि बॉयलरचा. टाकी काय, उभीच तर असते!

बोस्टनचीही उभीच होती. 15 जानेवारी 1919 रोजी अमेरिकेतल्या या शहरात भरवस्तीतली मळीची टाकी फुटली. 50 फूट उंच, 90 फूट व्यास, आत सुमारे 87 लाख लिटर मळी. मद्यार्कासाठी साठवलेली, म्हणजे आपल्या डिस्टिलरीचाच कच्चा माल. 21 माणसं गेली, दीडशेच्या आसपास जखमी झाली. टाकी घाईघाईत उभारलेली आणि पत्रा पातळ. पाणी भरून चाचणी घ्यायची, तर तळाला जेमतेम सहा इंच पाणी सोडलं होतं. पुढे सांध्यांतून मळी झिरपू लागली, शेजारची पोरं डबे घेऊन ती गोळा करू लागली. त्यावर मालकांनी काय केलं? टाकीला तपकिरी रंग दिला. ओघळ दिसेनासे झाले!

आपल्याकडे पाण्याची चाचणी घेतात, पण तिच्यावर नको इतकी भिस्त ठेवतात. मळी पाण्याच्या साधारण 1.4 पट जड. दहा मीटर मळी म्हणजे तळाशी चौदा मीटर पाण्याचा दाब. टाकी काठोकाठ पाण्याने भरली तरी मळीच्या भाराच्या सत्तर टक्क्यांचीच परीक्षा झाली. म्हणून रिकाम्या हंगामात अल्ट्रासॉनिक गेजने पत्र्याची जाडी मोजा. सगळ्यांत खालचा पट्टा, तळ आणि भिंत जुळते तो सांधा आणि आउटलेटच्या भोवतालचा भाग आधी घ्या. बिंदूंना नंबर घाला, म्हणजे दरवर्षी त्याच जागी मोजता येईल. नाहीतर गेल्या वर्षीच्या आकड्याला अर्थ उरत नाही. पत्रा झिजला असेल तर 1.4 धरूनच हिशेब करा आणि किती उंचीपर्यंत भरायचं ती लाल रेघ टाकीवर ओढा. रेघ रजिस्टरात असून उपयोग नाही, पंपवाल्याला ती दिसली पाहिजे.

दुसरी गोष्ट उष्णतेची. गरम मळी तशीच साठवली तर आतल्या आत रासायनिक क्रिया चालू राहते, ती आणखी तापते, फेसाळते आणि वायू सुटतो. तापमान 40 अंशांच्या आत ठेवावं. वर जाऊ लागलं की मळी कूलरमधून फिरवावी. मोजायचं मात्र खाली, मध्ये आणि वर, तिन्ही ठिकाणी. 7 मे 2020 ला विशाखापट्टणममध्ये स्टायरीन या प्लास्टिक बनवायच्या रसायनाची गळती होऊन 12 जण मृत्युमुखी पडले. रसायन वेगळं, पण टाळेबंदीत टाकी नुसती उभी होती आणि तापमान फक्त तळाशी मोजलं जात होतं. वरचा थर तापत गेला, तो कुणाला कळला नाही.

आता साखर गोदामाकडे वळू. 7 फेब्रुवारी 2008, अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातलं पोर्ट वेंटवर्थ. साखर शुद्धीकरण कारखान्यात धुळीचा स्फोट होऊन 14 कामगार दगावले. सायलोखालच्या, म्हणजे साखरेच्या उंच कोठारांखालच्या, बोगद्यातल्या कन्व्हेयरवर, साखर वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर, आदल्या वर्षी स्टीलचं आच्छादन बसवलं होतं. हेतू चांगला, साखरेत कचरा पडू नये. पण धूळ ओढून घेणारी यंत्रणा नाही, स्फोटाचा दाब बाहेर सोडायला झडप नाही. उघड्यावर विरळ राहणारी धूळ आत दाटली आणि पेटली. त्या धक्क्याने तुळयांवरची, जमिनीवरची वर्षानुवर्षांची धूळ उडाली आणि एकामागून एक स्फोट होत गेले. पहिल्या स्फोटापेक्षा नंतरच्यांनी जास्त नासधूस केली.

तेव्हा साखर चाळणारा ग्रेडर, ती वर चढवणारा एलिव्हेटर, बॅगिंग मशीन यांच्या डोक्यावरच्या तुळया बघा. कॉम्प्रेस्ड एअरने झाडू नका, धूळ हवेत उठते. आधी लाइन बंद करून वीज तोडा, मग धूळ व्हॅक्यूमने ओढा किंवा गरम पाण्याने धुवा. साखर विरघळते, ही आपली सोय. एलिव्हेटरच्या बेअरिंगला रोज तपासा, हात लावून नव्हे, थर्मल गनने. आणि कन्व्हेयर झाकायचा ठरला, मोटर बदलली, तात्पुरता पाइप जोडला, तर फिटरच्या भरवशावर सोडू नका. ‘यामुळे आणखी काय बदललं?’ हा प्रश्न कागदावर लिहा आणि खाली सही घ्या. ‘हंगामापुरतं’ म्हणून केलेली जोडणी दहा-दहा हंगाम टिकते, हे तुम्हाला-आम्हाला ठाऊक आहे.

शेवटी, टाकी धुण्याविषयी. तळाला उरलेली मळी आंबते आणि कार्बन डायऑक्साइड साचतो. तो हवेपेक्षा जड, वास नाही. वरून वाकून काही कळत नाही. झाकणं उघडून पंख्याने हवा खेळवा, मग गॅस मीटर दोरीने खाली सोडून तळाशीच मोजा. ऑक्सिजन 19.5 टक्क्यांखाली असेल तर कुणी उतरायचं नाही. उतरणाऱ्याच्या कमरेला पट्टा आणि दोरी हवी, दोरीचं दुसरं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात; 1948 च्या कारखाना कायद्यातच हे लिहिलं होतं. आत न्यायचा दिवा 24 व्होल्टपेक्षा जास्तीचा नको. आतला माणूस कोसळला की बाहेरचा धावत आत शिरतो आणि दोघंही जातात, हे वारंवार घडलं आहे. त्यामुळे बाहेरच्याला आधीच बजावून ठेवा, की त्याने आत पाऊल टाकायचं नाही. दोरी ओढायची आणि हाक मारायची. वर तिपाई आणि विंच लावलेलं असेल तर एकट्यालाही ओढता येतं. टाकीत माणूस सोडण्याआधी साठ-सत्तर किलोचं साखरेचं पोतं लावून ते एकदा वर खेचून बघा.