शतपावलीचा हिशेब

(इंदूर येथील मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहोदय आणि मित्रहो,

निमंत्रणपत्रिकेत आजचा विषय ‘मधुमेह आणि नैसर्गिक उपाय’ असा छापला आहे. तो वाचून कारल्याचा रस, जांभळाच्या बियांचे चूर्ण आणि मेथीदाणे यांची प्रमाणे उतरवून घेण्यासाठी काहीजण वही-पेन घेऊन आलेले मला येथून दिसत आहेत. त्या वस्तूंकडे मी येणार आहेच. परंतु त्याआधी एक साधा हिशेब मांडण्याची परवानगी द्यावी.

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते. उपाशीपोटी साखर १०० मिलिग्रॅम आली, असे आपण म्हणतो तेव्हा ती एका डेसिलिटरमधील, म्हणजे एका लिटरला एक ग्रॅम असते. पाच लिटरांत झाली पाच ग्रॅम, म्हणजे चहात टाकायचा एक चमचा. साऱ्या रक्तात मिळून निरोगी माणसाकडे एवढीच साखर खेळत असते आणि उपाशीपोटी ती सव्वा चमचा झाली की आपण तिला मधुमेह म्हणतो. आता रविवारची सकाळ डोळ्यांसमोर आणा. पोह्यांची भरगच्च प्लेट, वर शेव आणि जीरावन मसाला, सोबत दोन जिलब्या. यातून साठ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके पोटात जातात आणि त्यांची बहुतेक साखरच होते. म्हणजे एक चमचा मावणाऱ्या भांड्यात तास-दोन तासांत बारा चमचे ओतले जातात. तरीही निरोगी माणसाच्या रक्तातील साखर फारशी वर चढत नाही, कारण ती तेथे थांबतच नाही. थोडी यकृतात जाते आणि सर्वांत मोठा वाटा स्नायू उचलतात. स्नायू हे या साखरेचे गोदाम आहे, आणि टाइप दोनच्या, म्हणजे बहुतेकांना होणाऱ्या, मधुमेहात मूळ बिघाड या गोदामाच्या दाराशी होतो: इन्शुलिन हे संप्रेरक दार ठोठावते, पण ते पूर्वीसारखे उघडत नाही.

मात्र या गोदामाला आणखी एक दार आहे. स्नायू आकुंचन पावू लागला की तो इन्शुलिनची वाट न पाहता साखर आत ओढतो. चालणाऱ्या माणसाच्या मांड्या आणि पोटऱ्या हे काम त्याच क्षणी सुरू करतात. जेवणानंतरच्या शतपावलीला आपल्या घरांत पचनाशी जोडले जाई. तिचे खरे काम हे आहे, आणि त्यासाठी शंभर पावले थोडी कमी पडतात. दहा ते पंधरा मिनिटे हवीत.

हे मी स्वतःवर पाहिले आहे. मी नऊ वर्षांपासून मधुमेही आहे आणि डॉक्टर असल्यामुळे पथ्याच्या बाबतीत इतरांपेक्षा अधिक बेशिस्त आहे, असे माझ्या पत्नीचे मत आहे. एका रविवारी मी पोहे आणि एक जिलबी खाऊन वर्तमानपत्र घेऊन बसलो, आणि तासाभराने बोट टोचून पाहिले तर यंत्रावर २१२ आकडा होता. पुढच्या रविवारी त्याच दुकानातून तेवढेच आणले, खाल्ले, आणि लगेच गल्लीतून वीस मिनिटे फिरून आलो. त्याच वेळी आकडा १७६ आला. एका माणसाच्या दोन रविवारांवरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मी जाणतो. परंतु जेवणानंतर चालण्याचा असाच परिणाम पुष्कळ अभ्यासांत नोंदलेला आहे, आणि ज्यांच्या घरी ग्लुकोमीटर आहे त्यांनी हा प्रयोग अवश्य करावा, कारण स्वतःच्या बोटातून आलेला आकडा माझ्या तासाभराच्या बोलण्यापेक्षा लवकर पटतो.

आपल्याकडे उलट घडते. पहाटे सहाला नेहरू पार्कात पाऊण तास झपाझप चालणारी मंडळी मी पाहतो आणि मला त्यांचे कौतुक वाटते. ती तेथून थेट पोह्यांच्या ठेल्यावर जातात, खाऊन घरी येतात आणि जेवणापर्यंत खुर्चीत बसतात. पहाटेचे चालणे वाया जात नाही. परंतु पुढचे पाच तास बसून काढल्याने जे बिघडते, ते सारे त्याने भरून निघत नाही. दर अर्ध्या तासाने उठून दोन-तीन मिनिटे घरातल्या घरात फिरले तरी जेवणानंतरची साखर कमी राहते. दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्यांना हे सर्वांत अवघड जाते आणि सर्वांत जास्त गरजही त्यांनाच असते.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाची, म्हणजे आयुर्वेदात मधुमेह ज्यात मोडतो त्या विकाराची, कारणे सांगणारा श्लोक ‘आस्यासुखं स्वप्नसुखं दधीनि’ असा सुरू होतो. पहिले कारण बसण्याचे सुख, दुसरे झोपण्याचे सुख, आणि मग दही. रविवारी दाल-बाफल्यांवर तुपाची धार, वर लाडू आणि मग वामकुक्षी, हा आपला माळव्यातला बेत त्या आचार्यांनी जणू पाहिलाच होता! त्याच श्लोकात पुढे ‘गुडवैकृतम्’, म्हणजे गुळाचे पदार्थ, असाही शब्द आहे. तो मी मुद्दाम सांगतो, कारण ‘साखर बंद केली, आता गूळच घालतो, तो नैसर्गिक असतो’ हे वाक्य मला जवळजवळ रोज ऐकावे लागते. गूळही मुख्यतः साखरच असतो. रंग आणि थोडे क्षार सोडले तर रक्ताला दोन्हींत भेद कळत नाही.

‘पण मी तर सडपातळ आहे,’ असा आक्षेप येतो. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन यांचे एकत्र छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचा अगदी सारखा, २२.३ होता, परंतु शरीरातील चरबी यडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. काट्यावर सारखी दिसणारी दोन शरीरे आतून इतकी वेगळी असू शकतात. आपल्या लोकांत स्नायू कमी आणि पोटाभोवती चरबी जास्त, असा बांधा वरचेवर आढळतो. म्हणून वजनकाट्याबरोबर शिंप्याचा टेपही घरात असावा: पुरुषांचा कंबरेचा घेर ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटर यांच्या पुढे गेला की सावध व्हावे. वयाबरोबर स्नायू झिजतात, म्हणजे गोदामच लहान होत जाते. तेव्हा चालण्याच्या जोडीला ताकदीचे काम हवे. हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठणे-बसणे एवढ्यानेही सुरुवात होते.

ज्यांचे वजन खरोखर जास्त आहे त्यांच्यासाठी ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ चाचणीचे निष्कर्ष महत्त्वाचे आहेत. मधुमेह होऊन सहा वर्षांपेक्षा कमी काळ झालेल्या लोकांना तीन ते पाच महिने दिवसाला सुमारे ८५० कॅलरींचा आहार दिला गेला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या वर्षाच्या निष्कर्षांत त्यांच्यापैकी ४६ टक्के लोकांचा मधुमेह गोळ्यांशिवाय मागे हटला होता, आणि ज्यांनी १५ किलो किंवा अधिक वजन घटवले त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होते. परंतु ज्यांचे वजन पुन्हा वाढले त्यांच्यापैकी बहुतेकांचा मधुमेहही परतला. शिवाय गोळ्या बंद करणे हे सारे वैद्यकीय देखरेखीखाली झाले होते. हे वाक्य समाजमाध्यमांवरून फिरताना नेमके गळून पडते.

आहाराविषयी मी पोहे सोडा असे म्हणणार नाही. इंदुरात असे सांगणाऱ्याचे कोणी ऐकतही नाही. पोहे अर्धे करावेत आणि त्यांवर मोड आलेल्या मटकीची उसळ भरपूर घ्यावी. उसळ-पोहे ही आपल्याच शहराची चीज आहे. जेवताना आधी कोशिंबीर, भाजी आणि वरण संपवून मग पोळी-भाताला हात लावला तर तेच ताट साखर कमी चढवते. उपवासाचा मात्र मी कडक विरोधक आहे, म्हणजे उपवासाचा नव्हे, साबुदाण्याचा. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ स्टार्च असतो, आणि एकादशीला मधुमेही माणूस दोन वेळा खिचडी खातो तेव्हा त्याच्या शरीरापुरता तो उपवास नसतोच. भगर थोडी, दाण्याची आमटी, दही-काकडी असे चालू शकते. सराफ्याबद्दल, म्हणजे आपल्या सराफ बाजारात रात्री भरणाऱ्या खाऊगल्लीबद्दल, एकच सांगतो. तेच अन्न सकाळी खाल्ले तर शरीर जितक्या सहज सांभाळते, तितके रात्री उशिरा सांभाळू शकत नाही. आणि सराफ्यात तर दागिन्यांची दुकाने बंद झाल्यावरच गराडू आणि जिलबीच्या कढया तापतात. त्यात जागरणही होते, आणि अपुऱ्या झोपेनेही इन्शुलिनचा प्रभाव घटतो.

आता वही-पेनवाल्यांकडे वळतो. भिजवलेल्या मेथीत विरघळणारा तंतू असतो. त्याने साखर थोडी सावकाश चढते, म्हणून ती जरूर घ्यावी. गुडमारचे पान चावले की काही काळ साखर जिभेवर वाळूसारखी बेचव लागते, ही गंमत खरी आहे; रक्तातील साखरेवरचा पुरावा मात्र तोकडा आहे. कारल्याचेही तेच. कडू रसाने आदल्या दिवशीची जिलबी वजा होत नाही. वनस्पतींशी माझे वैर नाही. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या नेहमीच्या गोळीचा उगम एका युरोपीय वनस्पतीतील घटकापर्यंत जातो आणि १९५७ मध्ये ते मधुमेहासाठी वापरात आले. मला भीती वाटते ती बिनलेबलच्या पुड्यांची. माझा एक रुग्ण अशा पुडीवर विसंबून चार महिने गोळ्या सोडून बसला होता. साखर आटोक्यात होती, पण एके सकाळी तो घामाघूम होऊन अंगणात कोसळला. अशा चूर्णांत साखर उतरवणारी ॲलोपॅथिक औषधे मिसळलेली सापडल्याची उदाहरणे आहेत, आणि किती मात्रा पोटात जाते हे कोणालाच ठाऊक नसते. दवावर अनवाणी चालण्याचा सल्लाही पायांची संवेदना गेलेल्या मधुमेहींनी ऐकू नये. काटा रुतल्याचे त्यांना दोन दिवस कळत नाही.

टाइप एकच्या, म्हणजे ज्यांच्या शरीरात इन्शुलिन जवळजवळ तयारच होत नाही अशा, रुग्णांनी इन्शुलिन कधीही थांबवायचे नाही. इतरांनी चालणे वाढवले आणि ताट कमी केले की त्याच गोळ्या जास्त ठरू शकतात. तेव्हा मात्रा डॉक्टरांकडून बदलून घ्यावी, स्वतः नव्हे. विशेषतः ग्लिमेपिराइडसारखी शरीराला जास्त इन्शुलिन सोडायला लावणारी गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी उद्यापासून शतपावलीला निघताना खिशात तीन चमचे साखरेची पुडी ठेवावी. हात थरथरले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तेथेच ओट्यावर बसावे, ती साखर तोंडात टाकावी, आणि पंधरा मिनिटांनी बोट टोचून आकडा ७० च्या वर आला आहे हे पाहूनच घराकडे वळावे.