मोदकपात्रातला भात

(दृश्य : माळ्यावरून खाली काढलेलं मोदकपात्र. ओल्या फडक्याने पुसणारे हात.)

मोदकपात्र बहुतेक घरांत गणपतीत खाली उतरतं आणि विसर्जन झालं की परत माळ्यावर जातं. ते बारा महिने ओट्यावर असावं, असं आम्हाला मनापासून वाटतं. कारण भात.

(दृश्य : इगतपुरी तालुका. पावसात लावणी. चिखलात वाकलेल्या बायका.)

नाशिक जिल्हा द्राक्षं आणि कांद्याचा, हे अर्धंच खरं. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा हा पश्चिमेचा पट्टा भाताचा. उन्हाळ्यात राब भाजायचा, म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा पसरून जाळायचा, पाऊस लागला की रोपं टाकायची, मग चिखलणी, लावणी, आणि दिवाळीच्या आसपास कापणी. हे भात पुढे घोटीच्या गिरण्यांमध्ये भरडलं जातं आणि तांदूळ होऊन नाशिकच्या किराणा दुकानांत येतं. त्यातला लाडका तांदूळ इंद्रायणी. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून तयार झालेलं हे वाण १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती आलं. वास आणि मऊपणा आंबेमोहोराकडून आला.

हाच मऊपणा कुकरमध्ये नडतो. कुकरच्या आत तापमान १२० अंशांच्या आसपास जातं. एखादी शिट्टी जास्त झाली, पाणी अंमळ जास्त पडलं, की इंद्रायणीचा गिचका होतो. वरणभात कालवायला तो चालतोही, पण दाणा असा उरत नाही. मोदकपात्रात दाब नसतो. नाशिक समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच असल्यामुळे इथे पाणी सुमारे ९८ अंशांनाच उकळतं. भाताला तेवढी आच पुरते. तांदळातलं पिठूळ सत्त्व सत्तरीच्या आसपासच फुगायला लागतं. त्यापुढे फक्त वेळ द्यायचा.

(दृश्य : पंचवटीतलं स्वयंपाकघर. काकू तांदूळ धुतात.)

काकूंचा हात बघा. तांदूळ चोळत नाहीत, नुसता बोटांनी फिरवतात. दोन पाणी, फार तर तीन. मग अर्धा तास भिजत. नव्या तांदळाला वीस मिनिटंही पुष्कळ.

आता खालच्या भांड्यात तीन बोटं पाणी. त्यात एक नाणं टाकायचं. पाणी उकळतंय तोवर ते खुळखुळत राहतं. आवाज थांबला की पाणी आटलं, हे बाहेर बसूनही कळतं. भांडी करपण्यापासून वाचवणारी इतकी साधी युक्ती दुसरी नाही.

वर जाळी. जाळीवर पितळेचा, कल्हई केलेला, पसरट डबा. भांडी बाजारात असा डबा अजून मिळतो. घरचा जुना असेल तर कल्हई तेवढी तपासून घ्या. स्टीलचाही चालेल, मात्र उभट नको. उभट डब्यात तळाचा भात दबतो आणि वरचा मागे राहतो.

पाण्याचं माप हा खरा मुद्दा. उघड्या पातेल्यात बरंचसं पाणी वाफ होऊन उडतं. इथे डब्यातलं पाणी फारसं उडत नाही, म्हणून कमी लागतं. नवा इंद्रायणी असेल तर वाटीला सव्वा वाटी, जुना असेल तर दीड ते पावणेदोन. तेही कढत ओतायचं. गार पाणी घातलं, तर ते तापण्यातच दहा मिनिटं जातात.

(दृश्य : झाकणाला पंचा बांधताना, अगदी जवळून.)

झाकणाला आतून पंचा बांधला आहे, चारी टोकं वर गाठ मारून. वाफ झाकणाला लागून थेंब होते, आणि ते थेंब भातावर पडले की वरचा थर चिकट होतो. पंचा तेवढं पाणी पिऊन घेतो.

वाफ धरल्यापासून पंचवीस मिनिटं. मध्ये उघडून बघायचं नाही. लाओस, थायलंडकडे चिकट तांदूळ भिजवून टोपलीत नुसत्या वाफेवर शिजवतात. आपल्या तांदळाला तेवढं पुरत नाही, त्याला सोबत पाणी लागतंच, म्हणून हा डबा. पेज काढून टाकायची नसल्यामुळे तिच्याबरोबर जाणारी ब जीवनसत्त्वंही भातातच राहतात.

गॅस बंद केल्यावर दहा मिनिटं तसंच ठेवायचं. घाईत हीच दहा मिनिटं सगळे गाळतात, आणि भाताची वाट इथेच लागते. वरचा ओलावा तेवढ्या वेळात आत मुरतो.

झाकण उघडताना पुढची कड नाही, पलीकडची कड आधी उचलायची. वाफ भिंतीकडे जाऊ द्या. उकळत्या पाण्यापेक्षा वाफ जास्त भाजते, कारण तिचं पुन्हा पाणी होताना ती मोठी उष्णता सोडते.

(दृश्य : उलथण्याच्या टोकाने कडेने भात सोडवताना. वास घेणाऱ्या काकू.)

काकू म्हणतात, "मधोमध कालथा घालू नकोस गं, कडेकडेने सोडव." सून तसंच करते. दाणे मऊ आहेत, एकमेकांना धरून आहेत, पण मोडलेले नाहीत. घरभर वास सुटलाय. त्यावर साधं वरण, लिंबू आणि चमचाभर साजूक तूप.

लसणीची फोडणी उद्या सकाळी, उरलेल्या भाताला.